पाच गोळ्यांवरची फरशी

मिस्त्रीने गुडघा टेकला, हातोडा उलटा धरला आणि लाकडी दांड्याने दाराजवळची पहिली टाइल ठोकली. आवाज भरीव आला. दुसरीही बरी होती. तिसरीवर दांडा पडला तसा खालून रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. त्याने चौथी ठोकली, पाचवी ठोकली आणि मग हात आवरता घेतला. पुढच्या कशा वाजतील हे कळायला त्याला ठोकून बघायची गरज नव्हती.

"काय म्हणते फरशी?" काकूंनी विचारलं. त्या दारात स्टूल टाकून परीक्षा घ्यायला बसल्यासारख्या बसल्या होत्या.

"बदलावी लागेल, काकू. किती ठिकाणी चिकटवत बसणार?"

"तेच म्हणतेय मी वर्षभर. पण माझं ऐकतंय कोण? आता अशी घाला की वर हत्ती नाचला तरी हलायची नाही. आणि हत्तीचं सोडा हो, आमच्या सूनबाईंच्या हाताखाली टिकली म्हणजे मिळवली!"

ओट्याशी पाठमोरी उभी राहून सून भांडी पुसत होती. ती हसली. मिस्त्रीला ते हसणं खटकलं. विनोद पुरा व्हायच्या आधीच ते सुरू झालं होतं आणि जेवढं हवं तेवढं होऊन थांबलं. रोजचा सराव असल्याशिवाय माणसाला असं हसता येत नाही.

"अजून चालतो का तो विषय?" त्याने जमेल तितक्या सहज विचारलं.

"चालतो? पळतो! मुलाचे मित्र आले की तो पहिली सूचना हीच देतो. म्हणतो, हिच्या हातात उकळतं पाणी देऊ नका, घर खाली येईल."

मिस्त्रीही हसला. हसायला नको होतं हे त्याला हसून झाल्यावर कळलं. तो उठला, खिशातून मोजपट्टी काढली आणि एकदा मोजलेली भिंत पुन्हा मोजली.

आजूबाजूच्या चार गल्ल्यांत त्याला टणक मिस्त्री म्हणत. काम कसं होईल असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं असे, "एकदम टणक." आणि फुशारकी सोडली तर त्यात खोटं काही नव्हतं. टाइलखाली सिमेंटचा माल भरताना तो हात आखडत नसे. दुसऱ्या कुणाचं काम पोकळ निघालं, तर त्या कारागिराच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. तीस वर्षांत त्याने स्वतःचा नियम एकदाच मोडला होता आणि तो नेमका या स्वयंपाकघरात. त्या आठवड्यात त्याने हावरेपणाने दोन घरांची कामं एकदम अंगावर घेतली होती आणि दुसरा घरमालक डोक्यावर येऊन बसला होता. मग इथे टाइलखाली सगळीकडे माल पसरायचा सोडून त्याने चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक असे सिमेंटचे पाच गोळे ठेवले, वर टाइल दाबली, लेव्हल बघितली आणि पुढे सरकला. दोन दिवसांचं काम एका दिवसात झालं. दिसायला फरशी इतकी सुरेख झाली होती की काकूंनी शेजारणींना बोलावून दाखवली.

पाच महिन्यांनी ओट्यासमोरच्या तीन टाइल पायाखाली हलायला लागल्या. काकूंनी बोलावलं, तो आला, त्याने वाकून बघितलं आणि काय झालंय ते त्याला बघताक्षणीच कळलं. सून तेव्हा घरात नवी होती. स्वयंपाक उरकला की गरम पाण्यात मूठभर सोडा टाकून ती फरशी धूत असे. तिच्या माहेरी तशीच पद्धत होती. मिस्त्रीला कोपऱ्यात बादली दिसली, बादलीतून वाफ निघताना दिसली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "असं उकळतं पाणी ओतता होय? मग सिमेंट सोडणारच की!"

सगळ्यांनी सुनेकडे बघितलं. नव्या सुनेने बोलायचं तरी काय? मिस्त्रीने तिन्ही टाइल चिकटवून दिल्या आणि वर मजुरीही घेतली नाही. "राहू द्या काकू, आपलंच घर आहे," असं म्हणून त्याने केवढा मोठा मोठेपणा मिरवला! काकूंनी त्याला दोन कप चहा पाजला. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत तो ते सगळं विसरलाही होता. सात वर्षांत ते त्याला एकदाही आठवलं नाही, आणि आता आठवलं तर त्या दिवशी सुनेच्या हातातला पोचा कुठल्या रंगाचा होता तेसुद्धा आठवलं.

"मिस्त्री, भिंत वाढली का?" काकूंनी विचारलं.

"अं?"

"नाही, तिसऱ्यांदा मोजताय म्हणून विचारलं."

दोन दिवसांनी तिघं टाइलच्या दुकानात गेले. काकू दुकानात शिरल्या त्या झडती घ्यायला आल्यासारख्या. दुकानदाराने एक चकचकीत नमुना पुढे केला. काकूंनी पर्समधून घराची किल्ली काढली आणि त्याच्या डोळ्यांदेखत नमुन्यावर करकरून ओढली.

"काकू, मला ती विकायची आहे अजून," दुकानदार म्हणाला.

"मग चांगली ठेवायची!"

मिस्त्रीने चकचकीत टाइल बाजूला सारली. एरवी दुकानात त्याला बोलायला फार आवडे. गिऱ्हाइकासमोर चार गोष्टी सांगितल्या की छाती फुगत असे. आज तो मुद्द्यापुरतंच बोलला. चकचकीत नको, तेल सांडलं की पाय सटकेल. फार खरखरीतही नको, मळ धरून ठेवेल. जाड घ्या, आणि जिचा रंग वरून खालपर्यंत एकच आहे अशी घ्या, म्हणजे जड भांडं पडून टवका उडाला तरी डाग दिसणार नाही. सांध्यांत साधं सिमेंट भरलं तर ते तेल पितं आणि महिन्याभरात काळं पडतं, तेव्हा तिथे इपॉक्सी भरू. दुकानदाराने एक फुटका तुकडा आणून कड दाखवली. आतून बाहेरून एकच राखाडी रंग होता. काकूंनी त्यावरही किल्ली चालवली. ओरखडा उठला नाही. उलट किल्लीच झिजल्यासारखी दिसली, आणि काकूंचं समाधान झालं.

सून तोपर्यंत मागेच उभी होती. ती पुढे आली आणि तिने तो तुकडा हातात घेतला.

"ही धुवायची कशाने?" तिने विचारलं.

"अॅसिड तेवढं टाळा, ताई," दुकानदार म्हणाला. "पिवळ्या बाटलीतलं ते असतं ना, ते सांधे खातं. बाकी काही नको. कडक पाणी घ्यायचं, त्यात थोडा सोडा टाकायचा, ब्रश मारायचा, पाणी ओढून घ्यायचं आणि कोरडं करायचं. चिकटपणा राहायचा नाही."

"कडक म्हणजे? कोमट?"

"कोमट पाण्याने कुठे तेल निघतं? चांगलं उकळतं घ्या."

सुनेने तुकडा उलटा करून बघितला. "उकळत्या पाण्याने सुटणार नाही?"

दुकानदार हसला. "अहो ताई, ही हजार-बाराशे डिग्रीच्या भट्टीतून बाहेर आलीय. तुमच्या बादलीभर पाण्याला ती काय भीक घालणार?"

"आणि आमच्या घरी आत्ता आहे ती? जुनी?"

"ती काय उन्हात वाळवून केली असेल का? सगळ्या भट्टीतल्याच. नीट बसवली असेल तर रोज उकळतं पाणी ओता ना."

सुनेने मान हलवली. "आई असंच धुते," ती म्हणाली. कुणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. मग तिने मिस्त्रीकडे बघितलं. रागाने वगैरे नाही. एखाद्याला काही सांगायचं असेल आणि आपण त्याच्यासाठी थांबावं, तसं बघितलं.

मिस्त्रीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो खाली वाकून आपल्या चपलेचा अंगठा नीट करायला लागला. अंगठ्याला काही झालेलं नव्हतं. वाकल्या वाकल्या त्याला काकूंचे हात दिसले. त्यांनी किल्ली पर्समध्ये टाकली, चेन लावली, मग उघडली आणि पुन्हा लावली. परतताना रस्ताभर काकू एकट्याच बोलत होत्या, त्याही भाज्यांबद्दल.

काम सुरू झालं त्या दिवशी स्वयंपाकघर रिकामं केलं होतं. डबे बाहेरच्या खोलीत, शेगडी गॅलरीत, आणि मुलगा कामावर गेलेला. सून गॅलरीत स्वयंपाक करत होती. मिस्त्री छिन्नी लावून टाइल उखडायला बसला. खरं तर छिन्नीची गरजच पडत नव्हती. हात घातला की टाइल अख्खीच्या अख्खी उचलून येत होती आणि खाली पाच गोळे जागच्या जागी दिसत होते, वरून चपटे झालेले, मधे सगळी मोकळी जागा. मोकळ्या जागेत मुंग्यांनी घर केलं होतं. एवढी वर्षं ही फरशी उभी राहिली तरी कशी, याचं त्यालाच नवल वाटलं. मग ओट्यासमोरची टाइल निघाली आणि नवल ओसरलं. त्या जागेवर कुणी जोराने पाय टाकलेलाच नसणार. थंड पाण्याने, गुडघ्यांवर बसून, हाताने एकेक टाइल घासली असणार. टाइलच्या कडांना चिकटलेलं सांध्यांतलं सिमेंट घासून घासून गुळगुळीत झालं होतं.

त्याला आपली लाज वाटली. अशी वाटली की हातातली छिन्नी जड झाली. आपण चोर असतो तर निदान काहीतरी घेऊन पळालो असतो. इथे काही न घेता एका पोरीला सात वर्षं गुडघ्यांवर बसवलं.

काकू दारातल्या स्टुलावर होत्याच. त्या आज मिस्त्रीवर लक्ष ठेवत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या.

"काकू," तो म्हणाला. "एक बोलायचं होतं. ही फरशी..."

"हळू बोला."

"पाण्याने नाही सुटली ही. मी त्या वेळी—"

"हळू बोला म्हटलं ना! ती गॅलरीत आहे." काकूंनी स्टूल आत ओढलं. "मला सांगताय होय? मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. चमचा इथे पडला तर एक आवाज, तिथे पडला तर दुसरा. मी काय बहिरी आहे?"

मिस्त्री उकिडवा बसला होता तो मागे भिंतीला टेकला.

"मग बोलला का नाहीत?"

"कुणाला बोलू? तुम्हाला आणलं कोणी? मी. ह्यांना दुसरा माणूस बघायचा होता. मी भांडून तुम्हाला आणलं, शेजारणींना बोलावून फरशी दाखवली. आणि पाच महिन्यांत ती हलायला लागली. म्हटलं, आता हे आयुष्यभर ऐकवतील. तेवढ्यात तुम्ही पाण्याचं काढलंत." काकू थांबल्या. "मला सोपं झालं."

गॅलरीतून कढईत उलथनं फिरल्याचा आवाज येत होता.

"विहीणबाई आल्या होत्या त्या महिन्यात," काकू पुढे म्हणाल्या. "मीच बोलून दाखवलं त्यांना. म्हटलं, तुमच्याकडे चालत असेल हो असं, आमच्याकडे नाही. वयाने मोठ्या माझ्याहून. त्यांनी हात जोडले. म्हणाल्या, मीच तसं शिकवलंय, तिची चूक नाही, माझी आहे. तेव्हापासून आल्या की बाहेरच्या खोलीतच बसतात. स्वयंपाकघरात पाऊल नाही. किती आग्रह केला तरी म्हणतात, नको बाई, तुमची फरशी नाजूक आहे."

मिस्त्रीने मान खाली घातली. खाली घातली खरी, पण मनातून त्याला बरं वाटलं होतं. पाप अर्धं झालं, वाटून घ्यायला कुणीतरी मिळालं, असं ते बरं वाटणं होतं. ते ओळखलं तशी त्याला पहिल्यापेक्षा जास्त लाज वाटली.

"झालं ते झालं," काकू म्हणाल्या. "आता नवी फरशी होतेय, तो विषयच संपेल. झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या. एवढे तुकडे आधी गोणीत भरा. ती यायच्या आत."

त्या स्वतः वाकल्या आणि एक टाइल उचलायला लागल्या. पण टाइल होती जड आणि काकूंच्या हातांत तेवढं बळ नव्हतं. ती निसटून उलटी पडली. पाठीवर पाच गोल डाग आणि बाकी सगळी कोरीकरकरीत.

सून दारात आली होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मिस्त्रीला तहान लागली असेल म्हणून आणला असावा. तिने पडलेली टाइल बघितली, खालचे गोळे बघितले, मग सासूचे मातीने भरलेले हात बघितले.

"हे काय आहे?" तिने मिस्त्रीला विचारलं.

काकू मिस्त्रीकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली नाही, खूण केली नाही, पण त्या ज्या तऱ्हेने बघत होत्या ते कुणालाही कळलं असतं. जुन्या पद्धतीचं काम आहे ताई, असं म्हटलं असतं तरी चाललं असतं. तोंड हुशार होतं त्याचं, ते शब्द जिभेवर तयारही झाले होते.

"माझं काम आहे," मिस्त्री म्हणाला. "खाली सगळीकडे माल भरायचा असतो. मी पाच गोळ्यांवर भागवलं. घाई होती. म्हणून सुटली फरशी. तुमच्या पाण्याचा काही संबंध नव्हता, ताई. तेव्हाही नव्हता. मला तेव्हाही माहीत होतं."

शिव्या येतील असं त्याला वाटलं होतं. आल्या असत्या तर बरंच झालं असतं.

सुनेने तांब्या ओट्यावर ठेवला.

"मला दुकानातच कळलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगता का, तेवढं बघत होते."

"ताई, मी काय म्हणू आता? माफी मागायलासुद्धा..."

"माझी नका मागू. मला सवय झाली. हसायचीसुद्धा झाली." तिने पदराने हात कोरडे केले, ओट्याच्या कोपऱ्यातला फोन उचलला आणि बोटाने नंबर लावला. "मला कळून काय उपयोग आहे? हे आईला सांगा. तुमच्या तोंडून."

मिस्त्रीचे हात सिमेंटच्या धुळीने माखले होते. त्याने ते पँटला पुसले, पुन्हा पुसले. पलीकडे रिंग वाजत होती. माफी मागायची म्हटल्यावर एका अनोळखी म्हाताऱ्या बाईला काय म्हणून हाक मारायची, हेसुद्धा त्याला सुचेना. आई म्हणावं, तर कुठल्या तोंडाने?

"आई, एक मिनिट हं," सून फोनमध्ये म्हणाली. "इथे एकांना बोलायचंय तुझ्याशी." आणि तिने फोन पुढे केला.

मिस्त्रीने हात लांब केला. तो फोनपर्यंत पोचायच्या आत काकू उठल्या. उखडलेल्या फरशीवरून, गोळ्यांमधून वाट काढत, अनवाणी पायांनी त्या मधे आल्या.

"तुम्ही थांबा, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "आधी मी."

त्यांनी दोन्ही हातांनी फोन घेतला आणि कानाला लावला. सून त्यांच्याकडे बघत राहिली.

"विहीणबाई," काकू म्हणाल्या, आणि पुढचं काही त्यांना बोलता येईना. एवढं बोलणाऱ्या काकू! ओठ नुसते हलत होते.

स्वयंपाकघर रिकामं होतं. पलीकडचा घाबरा आवाज तिघांनाही नीट ऐकू आला.

"काय झालं हो? रडताय का तुम्ही? माझ्या मुलीचं काही चुकलं का?"

काकू होत्या तिथेच खाली बसल्या, मातीत.

"नाही," त्या म्हणाल्या. "तिचं नाही."